सुपडू मिस्त्रींचा कान

“मना कान खोटा शे? सांग ना!”

“खोटाच आहे, नाना. तुमचा, माझा, सगळ्यांचा. ढगात शिरलं की कान खोटंच बोलतो.”

“तीस वरीस याच कानवर घर चाललं रे भो!”

ते मात्र खरं. सुपडू मिस्त्री, म्हणजे नाना, अमळनेरहून सुरतेजवळ उधन्याला आले ते यंत्रमागांवर कामाला. गल्लीत उभ्या उभ्या आवाजावरून सांगायचे, सात नंबरचा धोटा अडकणार. अडकायचाच. पुढे स्वतःचे बारा माग झाले, तेव्हा आपल्या लहानग्या मुलाच्या, भूपेंद्रच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून त्याला मागांमध्ये उभं करत. “डोये मिट, कान उघड.”

तोच भूपेंद्र पंच्याण्णव साली विमानाचा खासगी परवाना घेऊन आला. उषाबाईंनी, त्याच्या आईने, दारातच ओवाळलं. आता त्याला ढगातही उडायचं होतं, नुसत्या समोरच्या घड्याळांच्या काट्यांवर विसंबून. त्यासाठी दर शनिवारी बडोदा. सरावाला कपाळावर लांब झापडाची टोपी. बाहेरचं काही दिसत नाही, समोर फक्त घड्याळं. काटा म्हणे, सरळ आहेस. अंग, म्हणजे तोल सांभाळणारा आतला कान म्हणे, डावीकडे कललास. भूपेंद्र अंगाचं ऐकून सावरायला जाई आणि विमान खरोखरच उजवीकडे कलंडे. दोनदा नापास. उद्या तिसरी परीक्षा, आणि शिकवणाऱ्या कॅप्टननी सांगून टाकलं होतं, ही शेवटची.

“बसा या फिरत्या खुर्चीत,” भूपेंद्रने नानांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. “धनश्री, फिरव. एकसारखी.”

बहिणीने फिरवली.

“कुठे जाताय, नाना?”

“उजवीकडे. हाऊ काय सवाल शे?”

थोड्या वेळाने नाना म्हणाले, “थांबनी.” खुर्ची फिरतच होती. मग धनश्रीने ती हळूच थांबवली.

“आते उलटी फिरी ऱ्हायनी! ए पोरी, हळू, पडसू ना!”

धनश्री हात मागे घेऊन उभी होती. तिला हसू आलं नाही.

“नाना, खुर्ची थांबलीय.”

“चल, खोटारडी!” त्यांनी टॉवेल ओढून काढला. फरशीकडे पाहिलं. खुर्चीचे हात सोडेनात. भिंतीपलीकडे माग खडखडत होते.

“म्हंजे तुले मीच बिघाडं,” ते म्हणाले.

“तसं नाही, नाना...”

“भूपा, उद्या वर गया का... कान बंद करता येतस का रे?”

भूपेंद्रने टोपी उचलली. मागांमधून जाताना सात नंबरपाशी त्याची मान आपोआप वळली. कान देऊन तो क्षणभर थांबला, आणि बाहेर निघून गेला.