चिंचेतलं जर्मन नाणं

आमच्या गल्लीत जुन्या नाण्यांचे जाणकार एकच, शेजारचे काका. नाणं फरशीवर आपटायचं, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा. माझं जर्मन नाणं ऐकून म्हणाले, "हिटलरचं हाय."

"काका, पन्नास सालचं आहे. तो पंचेचाळीसलाच मेला."

"मेला म्हणून टाकसाळ बंद पडती का?"

मग देवाच्या भांड्यांसारखं त्यांनी ते चिंचेनं लखलखीत घासून दिलं.

नाणी जमवणारे एक गृहस्थ आपल्या नाण्यांची डबी घेऊन औरंगाबादहून ते बघायला आले. नाणं पाहून हळहळले. "घासलं नसतं तर चांगली किंमत आली असती. तो जुना काळपटपणाच हवा असतो."

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मळाची किंमत करायलाय, अन् म्हणं जाणकार!"

गृहस्थ हात धुऊन परत येईपर्यंत त्यांच्या डबीतली सगळी नाणी चिंचेच्या पाण्यात होती.