कुमूमावशीची पहिली रांग

कुमूमावशी आयुष्यात कुणावर ओरडली असेल तर दिल्लीतल्या मुनिरक्याच्या भाजीवाल्यावर, आणि तेही हिंदीत. मराठीत तिला ओरडताच येत नाही, असा आम्हा सगळ्यांचा समज होता. ती माझ्या आईची धाकटी बहीण. स्टेनोग्राफरची परीक्षा देऊन साताऱ्याहून दिल्लीला आली, एका मंत्रालयात लागली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांची वाक्यं लिहून घेत राहिली. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत हुद्दा वाढेल तसा घराचा टाइप वाढतो; तिथल्या टाइप टू क्वार्टरमध्ये तिचा आणि पद्माकरकाकांचा संसार झाला.

सरकारी नोकराला प्रवासाची सवलत मिळते, तिला एलटीसी म्हणतात. शेजारीपाजारी त्यावर केरळ बघून आले, अंदमान बघून आले. मावशीची एलटीसी दर वेळी कराडला जायची, सासरी. कुणाची मुंज, कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन. "मी खूप फिरले गं," ती म्हणायची, "पण गाडीतून उतरलं की समोर कणकेची परातच!" हे ती हसत सांगायची. मला मात्र ऐकताना दर वेळी राग यायचा, कारण ज्यांच्या पोळ्या तिनं लाटल्या त्यांच्यापैकी कुणी तिला कधी साधा अजिंक्यतारा चढून ये म्हणालं नव्हतं.

काका गेल्यावर ती नोएडाला माझ्याजवळ राहायला आली. तिथे एक दिवस तिला कळलं, की आर. के. पुरमचं जुनं मराठी मंडळ सहल काढतंय. क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया. समुद्रकाठची जुनी शहरं, तळी, आल्प्सचे डोंगर. बाईनं कुणालाही न विचारता नाव दिलं. मुलगा सुधन्वा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, "आई, तुझे गुडघे?" मावशी म्हणाली, "ते पण येणारेत." खोलीत जोडीदार हवा म्हणून तिनं मला ओढलं. मीही ऑफिसच्या मीटिंगांना कंटाळले होते, लगेच सुट्टी टाकली.

मंडळ म्हणजे सगळे निवृत्त केंद्र सरकार. पहिल्या दिवशी दुब्रोव्निकच्या विमानतळावर बस आली आणि कुणी काही न सांगता माणसं अशी बसली, की मला हसावं की रडावं कळेना. सर्वांत पुढे अण्णासाहेब, निवृत्त जॉइंट सेक्रेटरी, शेजारी त्यांच्या पत्नी सुमित्राबाई. त्यांच्यामागे डायरेक्टर. त्यामागे अंडर सेक्रेटरी, मग सेक्शन ऑफिसर, आणि शेवटी क्लार्क न् स्टेनो. टाइप फाइव्हपासून टाइप टूपर्यंत अख्खी कॉलनी चाकांवर चालली होती. टूर मॅनेजर शार्दूल पुण्याचा. त्यानं माइक घेऊन नेहमीचा नियम सांगितला, "रोज रांगा बदलायच्या हं मंडळी. प्रत्येकाला एकदा पुढची काच मिळाली पाहिजे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आदल्या दिवशीच्याच जागेवर जाऊन बसला.

अण्णासाहेब म्हणजे मावशीचे जुने साहेब. ती त्यांची पीए होती. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. काकांच्या आजारपणात कुठेच बेड मिळत नव्हता, तेव्हा यांनी एक फोन केला आणि तासाभरात काका दाखल झाले. मावशीनं ते ऋण मनात घट्ट बांधून ठेवलं होतं, आणि माझ्या मते अण्णासाहेबांनीही.

दुब्रोव्निकच्या तटावर चढलो. एका बाजूला लाल कौलांची छपरं, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र. मावशी धापा टाकत होती, पण डोळे लहान मुलीसारखे झाले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "कुमुदिनीबाई, घ्या जरा."

मला वाटलं, पिशवी घ्या म्हणताहेत. पण नाही. साहेबांना मंडळाच्या दिवाळी अंकात प्रवासवर्णन द्यायचं होतं, आणि ते डिक्टेशन देणार होते. त्यांनी दिल्लीहून कोरं पॅडसुद्धा आणलं होतं. आणि मावशी? इतक्या वर्षांनी तिचा हात आपोआप पुढे झाला.

"सदर तटबंदी मध्ययुगीन असून," साहेब सांगू लागले, "सदर समुद्राचा रंग निळा आहे."

सदर समुद्र! मी तिथल्या तिथे उडी मारायची बाकी होते. मावशी मान खाली घालून तटावरून चालत होती, पेन्सिल भराभर धावत होती. अख्खी तटबंदी आम्ही फिरलो आणि तिनं बघितलं ते पॅड. पुढच्या शहरात, स्प्लिटला, तेच झालं. तिथल्या रोमन सम्राटाच्या महालात आजही लोक घर करून राहतात, खिडक्यांतून कपडे वाळत घालतात. मावशीला ते बघायचं होतं. साहेबांना सम्राटाविषयी मत मांडायचं होतं.

"यार मावशी, नाही म्हण ना!" मी रात्रीच्या जेवणाला पुटपुटले.

"त्यांनी बेड मिळवून दिला होता, उत्तरा," ती म्हणाली आणि डाळ वाढून घेतली.

मग प्लिटविसची तळी आली. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पाणी कोसळतं, आणि आपण लाकडी फळ्यांवरून त्याच्या अगदी जवळून चालतो. अंगावर तुषार उडतात. साहेबांनी "सदर जलप्रपात" सुरू केलं. पॅड भिजू नये म्हणून मावशी पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. हो, पाठ करून. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि मला इतका संताप आला की मी पुढे निघून गेले.

संध्याकाळी हॉटेलात चहा घेताना ती कपात नुसती साखर ढवळत राहिली. मग म्हणाली, "उत्तरा, मला सांग, ते पाणी कसं दिसत होतं?"

"तू तिथेच होतीस की."

"होते. पण मला आठवतंय ते फक्त साहेबांचं वाक्य." तिनं चमचा बशीत ठेवला. "माझ्या डोक्यात सगळी दुसऱ्यांचीच वाक्यं आहेत गं. मला माझं काहीतरी बघायचं होतं. एवढ्यासाठी आले होते मी."

तिनं कप खाली ठेवला, तोंड धुतलं आणि उठून शार्दूलला शोधायला गेली. काय बोलली ते मला तेव्हा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरांकडे निघणार होतो, स्लोव्हेनियातल्या ब्लेड नावाच्या गावी, तिथल्या तळ्यावर. शार्दूल बसच्या दारात उभा होता. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, पण आवाज ठाम. "आज पहिली रांग कुमुदिनीकाकूंची. त्या आणि उत्तराताई."

पहिल्या रांगेत अण्णासाहेब आणि सुमित्राबाई आधीच बसले होते. मागून सेक्शन ऑफिसरांचा कोरस सुरू झाला, "अहो, राहू दे ना, साहेब आहेत." "कशाला उगाच?" सगळ्यांत मोठा आवाज शेवटच्या रांगेतून, आमच्याच टाइप टूवाल्यांचा. ज्यांचा नंबर कधीच लागणार नव्हता, त्यांनाच साहेबांची जास्त काळजी.

अण्णासाहेबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. मन मोठं होतं त्यांचं. "बिल्कुल बरोबर आहे. कुमुदिनीबाई, या, माझ्या शेजारी बसा. सुमित्रा, तू मागे जा. डोंगरांचा भाग मोठा आहे, आपण सलग घेऊ." आणि त्यांनी पॅड पुढे केलं.

सुमित्राबाई एका शब्दानं काही न विचारता उठल्या. पर्स उचलली, शाल उचलली. त्यांना मागे जायची सवय असावी.

मावशी बसच्या पायरीवर उभी होती. मला वाटलं, आता बसेल. पुढची काचही मिळतेय, साहेबांचा मानही राहतोय. तिनं पॅड घेतलं, आणि परत साहेबांच्याच मांडीवर ठेवलं.

"वहिनी, तुम्ही बसा," ती म्हणाली. "साहेब, तुम्ही उठा."

साहेबांनी आधी मांडीवरच्या पॅडकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय झालं? बरं नाही का?" साहेबांना खरंच कळलं नव्हतं.

"बरी आहे. मी आज लिहिणार नाही. उद्याही नाही. मला बघायचंय."

"अहो, पण अंकासाठी..."

"तुम्हाला लिहिता येतं, साहेब." तिचा आवाज चढला, मराठीत चढला, आणि मुनिरक्याच्या भाजीवाल्यानंही मान खाली घातली असती असा चढला. "तुम्ही ह्यांच्यासाठी फोन केलात. तो उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. घरी या, जेवायला घालीन, पाया पडेन. पण त्या बदल्यात माझे डोळे मी देणार नाही. तो समुद्र गेला, ते पाणी गेलं. डोंगर मी सोडणार नाही. उठा."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी उठेना. ते उठले. मावशीच्या शेजारची माझी जागा मी सुमित्राबाईंना दिली. साहेब आणि मी पाचव्या रांगेतल्या रिकाम्या जागांवर जाऊन बसलो. मला जरा त्यांची दयाही आली. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि किती तरी वेळ ते तसंच धरून बसले.

सीमा ओलांडली, गावं विरळ झाली. एका वळणानंतर पुढून सुमित्राबाईंचा आवाज आला, "अगं बाई गं!" मी मान लांब केली, पण पाचव्या रांगेतून दिसतात ती फक्त पुढच्यांची डोकी. मावशी सीटच्या अगदी कडेला सरकली होती, दोन्ही तळवे काचेपुढच्या दांडीवर. सगळा डोंगर तिच्यासमोर असणार.

साहेबांनी बराच वेळ तग धरला. शेवटी त्यांना राहवेना. पॅड गुडघ्यावर सरळ करून त्यांनी अख्ख्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "कुमुदिनीबाई, समोर काय दिसतंय?"

मावशीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुमची रांग पुढे आली की बघा, साहेब."