मायच्या वाटणीचे कोसे

वाफेवर रेशमाचे कोसे ठेवले की घरभर एक वास पसरे... भिजलेल्या घोंगडीसारखा, त्यात उकडलेल्या शेंगांचा थोडा गोडवा, आणि त्याच्याही खाली काहीतरी जिवंत होते ते आता संपले असे सांगणारा जड, तेलकट वास. पौषातल्या कोवळ्या उन्हात अंगणातल्या चुलीवर मोठे मडके चढे, त्याच्या तोंडावर बांबूची चाळण, चाळणीवर पिवळसर-करडे, पोपटाच्या अंड्यांएवढे कोसे, आणि त्यावर ओले पोते. आज इतक्या वर्षांनीही कुठे ओले पोते वाळत घातलेले दिसले, की माझा पाय अडखळतो.

पोंभुर्ण्याच्या पलीकडे, येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांच्या जंगलाला लागून आमचे गाव. नवे पैसे अजून यायचे होते, चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. आम्ही ढिवर, तळ्यावर मासोळी धरायची आणि येनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पोसायच्या, हा आमचा धंदा. अळ्या झाडावर असेपर्यंत घर व्रतस्थ असे. मासोळी शिजत नसे, बाबा डोक्याला तेल लावत नसत, आणि विटाळशी बाई त्या वाटेलाही जात नसे. कोसा बाटतो, असे सगळे मानत.

उतरवलेले कोसे बाबा व्यापाऱ्याला देत. पण त्याआधी दहा कोड्या, म्हणजे दोनशे कोसे, मायच्या वाटणीचे निघत. ती ते वाफवून, वाळवून एका करंडीत भरी, झाकण शेणाने लिंपून टाकी आणि मधल्या खोलीच्या आढ्याला टांगून ठेवी. जत्रेसाठी नाही, लुगड्यासाठी नाही, सणासाठीही नाही. एका वर्षी वादळाने छपराची अर्धी कवेलू उडवली, तेव्हा ती करंडी उतरली होती. एकदा माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी माय अडली, तेव्हा. एरवी तिला कोणी हात लावायचा नाही.

"कोसा चोराले दिसत नाई, खायाले मागत नाई, अन् पैशावानी हातात खाजवत नाई," माय म्हणे.

बाबा हसत. "चांद्याच्या सावकारापाशी तिजोरी हाये म्हणते, अन् आमच्या बाईची आड्याले लटकून राह्यली!"

मी नऊ वर्षांचा असतानाची ही गोष्ट. त्या दिवशी मायच्या वाटणीचे कोसे चुलीवर चढले होते, आणि शेजारच्या बाळंतपणासाठी मायला बोलावणे आले. जाताना ती म्हणाली, "बापू, दोन पाणी आटले पाह्यजे. पह्यलं आटलं का दुसरं घालजो. जाळ मोडू नोको."

कोशात अळी झोपलेली असते. वाफेने ती मेली नाही, तर मृगाच्या सुमारास पाखरू होऊन कोसा फोडून बाहेर पडते, आणि फुटलेल्या कोशाचा धागा सलग निघत नाही. व्यापारी त्याला हात लावत नाही. हे आमच्या घरातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होते.

मी पुढे बायकोला ही गोष्ट सांगितली, तेव्हा अळीची दया आली म्हणून जाळ मोडला, असे सांगितले. ते खोटे आहे. तळ्यावर मोठे जाळे पडले होते, पोरे हाका मारत होती. पहिले पाणीही पुरते आटले नव्हते. मी लाकडे बाहेर ओढली, त्यांवर राख टाकली, आणि धावलो. संध्याकाळी मायने विचारले तेव्हा "दोन्ही आटले" म्हटले. तिने कोसे वाळवले, करंडी भरली, लिंपली, टांगली.

पुढे मृग लागला आणि त्या करंडीत काहीतरी सळसळू लागले. दुपारी माजघरात निजले की स्पष्ट ऐकू येई — सुकी पाने कोणी हळूहळू चुरगाळावी तसे.

"उंदीर असन," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. विधवा होऊन आमच्याकडे राहत होती.

"लिंपलं हाये बाई, उंदीर कुठून जाईन?" माय म्हणाली, पण करंडी उतरवली नाही. अडचण नसताना हात लावायचा नाही, हा तिचाच नेम होता. मी गोधडी कानांवर ओढून घेत असे. आठ-दहा दिवसांनी सळसळ थांबली.

श्रावणात बाबांना हिवताप चढला. तीन दिवस ते बरळत होते. गावच्या वैदूने हात टेकले, चांद्याला न्या म्हणाला.

"गाडीभाडं कुठून आणशीन वं?" आत्या रडकुंडीला आली.

"आणाचं कायले बाई? वर टांगलं हाये न." मायच्या आवाजात त्या घाईतही एक धीर होता... तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

करंडी खाली आली. शेणाचा पोपडा फुटला, झाकण निघाले, आणि आतून आंबूस, कुबट वास आला. लालसर-तपकिरी पंखांचा चुरा, वाळलेली पाखरे एकमेकांत अडकलेली, आणि जवळजवळ प्रत्येक कोशाला एक भोक.

मायने एक कोसा उचलून भोक उजेडाकडे धरले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बापू, दोन पाणी आटले होते न रे?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग तुह्याच हातानं बाटले," आत्या म्हणाली. "विटाळाच्या दिवसात शिवली असशीन. अंगात आलं होतं न, माह्यी करंडी, माह्यी करंडी!"

मायने बोटांवर काहीतरी मोजून पाहिले. मग मान खाली घातली. "असन," ती म्हणाली. "माह्याच हातून झालं असन."

दोन शेळ्या विकून बाबांना चांद्याला नेले. ते बरे झाले. पण पुढच्या वर्षापासून कोशांची वाटणी आत्याकडे गेली; मायनेच ती स्वतःहून सोडली. कोसे वाफवायच्या दिवशी ती अंगणातही येत नसे. माझी पाटी, बहिणीच्या बांगड्या, दिव्याचे तेल — सगळ्यासाठी ती आत्यापुढे उभी राही. चिमूरकडे तिची माय वारली, तेव्हा गाडीभाडे हातात पडायला दोन दिवस गेले. ती पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. 

माय जाऊन आता सात वर्षे झाली. ती असतानाच मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगाराला मी गावी गेलो होतो. नोटा तिच्या ओंजळीत ठेवल्या आणि म्हणालो, "माय, हे तुह्ये. अडीअडचणीले ठेव. कोणाले विचाराचं नाई."

तिने विस्तव धरल्यासारख्या त्या लगेच परत केल्या.

"माह्या हाती नोको देऊ रे बापू," ती अगदी साधेपणाने, हवापाण्याचे सांगावे तशी म्हणाली. "माह्या हाती टिकत नाई. आत्यापाशी दे."

तेव्हा तरी सांगायला हवे होते. आम्ही दोघेच होतो, ती माझ्याकडेच बघत होती.

मी उठलो, ओसरीवर गेलो, आणि नोटा आत्याच्या हातात दिल्या.