डायनाची रजा

शिरूरची डायना भीमेतल्या माशांच्या विणीवर पीएच.डी. करत होती. वडगाव रासाईच्या कोंडिबामामांच्या होडीतून ती पाण्यावर जायची आणि मिळालेली अंडी पुण्याला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायची. बाळंतपणाची रजा घेताना ती अनुपमा मॅडमना, तिच्या मार्गदर्शकांना, म्हणाली होती, "विणीच्या हंगामाला हजर होते बघा."

मुलगी जन्मली ती निपचितच. डायना दवाखान्यात ग्लानीत असतानाच तिच्या नवऱ्यानं, जॉन्सननं, मुलीला दुपट्यात गुंडाळून कब्रस्तानात नेलं.

थोड्याच दिवसांत संस्थेच्या कचेरीतून फोन आला. "बाळ नाही म्हटल्यावर रजा कमी होते, मॅडम. कधी रुजू होताय?"

डायनानं फोन आईकडे दिला. "लेकरू गेलंय हो आमचं," प्रेमाबाई एवढंच बोलल्या.

हे कळताच अनुपमा मॅडम शिरूरला आल्या. कामाचं अवाक्षरही काढलं नाही. डायनाचा हात धरून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाव ठरवलं होतंस?"

"एस्तेर."

तोवर कुणी विचारलंच नव्हतं. डायना हमसून हमसून रडली.

"तुझी जागा तुझीच आहे," निघताना मॅडम म्हणाल्या. "रजेचं मी बघते."

त्यांनी कचेरीशी भांडून रजा वाढवून घेतली. पुढच्या हंगामात डायना परतली. पहिल्याच दिवशी काचेखालच्या अंड्यात इवलासा जीव वळवळताना दिसला आणि ती तोंड दाबून बाहेर पळाली.

"अंडी दुसरं कुणी बघेल," मॅडम म्हणाल्या. "तू मोठ्या माशांवर काम कर. विषय बदलून घेऊ."

"माझं काम होतं ते, मॅडम."

"हो गं," मॅडम म्हणाल्या.

विषय बदलला. डायना पुन्हा वडगावला गेली. कोंडिबामामांना काहीच ठाऊक नव्हतं.

"लई दिसांनी आलात, ताई! काय झालं, पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"कुणावर गेलीया?"

"ती राहिली न्हाई, मामा. मी तिला बघितलंबी न्हाई."

मामांचं वल्हं थांबलं. होडी धारेला लागून वाहू लागली. ते म्हणाले, "मालकांनी बघितली आसंल की. इचारा त्यास्नी."

इतके दिवस तिला तो धीर झाला नव्हता. त्या संध्याकाळी तिनं विचारलं. जॉन्सन पायातले बूट काढत होता. तो तसाच वाकून राहिला.

"तुझ्यावर," तो म्हणाला. "अगदी तुझ्यावर गेली होती."