वाडी जवळच आहे

वरची वाडी जवळ होती, तर माझ्या ताईला तिथं पोचायला दोन तास का लागायचे? संस्थेत सगळ्यांना विचारलं.

ताई संस्थेची कार्यकर्ती, वाड्यांवर बायांचे गट चालवायची. मी नववी नापास, तिच्याच वशिल्यानं तिथला ड्रायव्हर झालो. कर्जत स्टेशनवरून पाहुणे उचलायचे, काम दाखवून परत सोडायचे. पाहुणे उतरले की जीपमध्ये दोनच गोष्टी साठायच्या. अर्ध्या प्यालेल्या बाटल्या आणि किस्से!

*

पाहुणे यायचे कामाचं मूल्यमापन करायला. ते नेहमी कळंब रोडवरच्या खालच्या वाडीतच व्हायचं. डांबरी रस्ता, पंख्याचं समाजमंदिर. बायांना उत्तरं पाठ! एकदा पाहुण्या मॅडम तोंड उघडायच्या आत एक मावशी उठली.

"हो, लय बदल झालाय. आदी आमी लाजायचो."

मॅडम गहिवरल्या. त्यांनी अजून मावशीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं!

*

खोपोलीच्या हॉटेलात 'मूल्यमापन कौशल्य' ट्रेनिंग होतं. शेवटी ट्रेनिंगचंच मूल्यमापन. संस्थेचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, "फॉर्म भरल्याशिवाय जेवण नाही." एका मिनिटात सगळ्यांनी फुल मार्क दिले. सर खूश. "बघा, किती आत्मविश्वास आलाय!"

*

त्याच ट्रेनिंगमध्ये सरांनी फळ्यावर चार चौकोन काढले. ताकद, कमजोरी, संधी, धोका. ताईनं धोक्यात लिहिलं, 'वरच्या वाडीला रस्ता नाही. पायवाटेला साप.'

"अगं, इतकं नकारात्मक नको. पाहुणे वाचतात."

सरांनी ते पुसलं आणि संधीत लिहिलं, 'निसर्गरम्य परिसर.'

ताई गाडीत पोट धरून हसली. "बाळ्या, साप पण संधीत गेला रं!"

मग तिनं गमबूट आणि एक सोबतीण मागितली. अर्ज सरांचा शेरा घेऊन परत आला. 'वाडी जवळच आहे. गरज नाही.' तिनं तो माझ्या डॅशबोर्डात टाकला.

*

भाद्रपदात त्याच वाटेवर ताईला साप चावला. वाडीच्या लोकांनी झोळीतून खाली आणली. दोन तास. मी गाडी चालू ठेवून उभा होतो.

तेरावं झाल्यावर सरांनी बोलावलं. वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी फॉर्म पुढं केला. 'संस्था सोडण्याचं कारण : लग्न, चांगला पगार, इतर.' खाली, 'पुन्हा आमच्यासोबत काम करायला आवडेल का?'

"घरच्यांनी भरला तरी चालतो रे. फाईल अपुरी राहते."

*

गेल्या आठवड्यात मोठे पाहुणे आले. सर पुढच्या सीटवर. खालच्या वाडीचा फाटा आला, मी वळलो नाही. डांबर संपलं तिथं ब्रेक मारला.

"कुठं आणलंस हे?"

"वरच्या वाडीला."

पाहुण्यांनी विचारलं, "इथून किती लांब?"

मी डॅशबोर्डातला अर्ज पाहुण्यांच्या हातात दिला. खाली उतरून झुडपातली एक काठी तोडली. मग किल्ली आणि काठी, दोन्ही सरांच्या हातात ठेवल्या.

"काठी आपटत जावा, सर. जवळच हाय."