टँकर वळायला जागा

आमच्या वाडीतले बावखल बुजवायचे ठरले, हे मला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कळले. निरोप थोरल्या भावाचा होता. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती आणि तिच्यात एक अंगठा माझाही होता. वाद नको म्हणून मी तो उमटवला होता. माझ्या हळू बोलण्याला लोक नम्रता म्हणतात. त्या दिवसापासून मला तो शब्द ऐकवत नाही.

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि समुद्र शेजारी असूनही विहिरी गोड राहतात. पूर्वी पावसाळ्याआधी सगळे भाऊ त्यात उतरून गाळ काढत आणि केळींच्या मुळाशी घालत. पुढे घरोघरी कूपनलिका झाल्या, तशी ही पद्धत मोडली. मोटार बटणावर चालते, तेव्हा पाणीही बटणातूनच येते, अशी आमची समजूत झाली असावी.

दादाच्या कूपनलिकेला मचूळ पाणी येऊ लागले. त्याने आणखी खोल खणले. पाणी आणखी खारट झाले. मग शुद्धीकरणाचे यंत्र आले, तेही थकले, आणि शेवटी टँकर सुरू झाला. आता तो टँकर वळायला जागा हवी, म्हणून बावखल बुजवायचे! पाणी आणणाऱ्या गाडीसाठी पाण्यालाच गाडायचे, हा हिशेब शिकलेल्या माणसांनीच मांडावा. ज्या वस्तूचे बिल येत नाही, तिची किंमत आम्हाला कळेनाशी झाली आहे. वाडीत पाणी तुंबून गाडी बुडाली तर विमा मिळतो. आटलेल्या विहिरीचा विमा कोण उतरवतो?

रविवारी सकाळी पाडलेल्या इमारतींचे राबिट, विटा-सिमेंटचा राडारोडा, भरलेला डंपर वळणावर दिसला. मी प्रथम गटावरचा माझा अंगठा काढून घेतला. मग माझी गाडी वाडीच्या तोंडाशी आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली.

"गाडी काढ," दादा म्हणाला.

"नाही काढणार."

"अरे, तूच तर हो म्हणालास!"

"चुकलो. बुजवायचं नाही."

"भाऊजी, आम्ही काय खारं पाणी प्यायचं?" वहिनी ओट्यावरून कडाडल्या. "तुमच्या विहिरीला गोडं आहे, तुम्हाला काय!"

"गोडं आहे ते ह्या बावखलामुळेच, वहिनी!"

माझा आवाज इतका चढला की डंपरवाल्याने इंजिन बंद केले. त्यातला निम्मा राग स्वतःवर होता, हे मला तेव्हाही कळत होते.

थोड्याच वेळात दादाचा टँकर आला आणि डंपरच्या मागे अडकला. दोघांनी भरपूर भोंगे वाजवले. अखेर दोघेही तसेच भरलेले परत गेले. दादाने घराचे दार आपटले.

दुपारी वहिनी पाइपचे भेंडोळे घेऊन आमच्या विहिरीवर आल्या. माझ्याकडे पाहिले नाही. मी मोटार चालू केली आणि त्यांची टाकी भरून वाहेपर्यंत बंद केली नाही.

गाडी मात्र अजून तिथेच आडवी आहे. कामावर मी रिक्षाने जातो.