नळीवरची रेघ

तिलापिया माशांची पिल्लं तयार करणाऱ्या त्या केंद्रात सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. कामच तसं. मासे बोटाएवढे झाले की शेपटीतून थेंबभर रक्त काढायचं, चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून लाल पेशी मोजत बसायचं. एक ना दोन, सत्तावीस वर्षं! मान आखडलेली, कंबर धरलेली. संध्याकाळी घराचा जिना चढताना बाईंना वाटायचं, आता पुरे झालं बाबा. पण निवृत्तीला दोन वर्षं होती आणि घरात मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं.

खाद्यातलं औषधही त्याच मोजून देत. नर मासा लवकर वाढतो, म्हणून सगळे नरच हवेत. त्यासाठी इवल्या पिल्लांना चार आठवडे हार्मोन लावलेलं खाद्य द्यायचं. बाईंनी काचेच्या नळीत रेघेपर्यंत औषध भरायचं, खाद्यवाल्या मामांनी ते खाद्यात कालवून सावलीत वाळवायचं.

"चार आठवड्यांत मादीचा नर होतो म्हणे," मामा हसायचे. "मला आमच्या घरात तीस वर्षांत जमलं नाही."

यंदा मात्र माशांचं रक्त पातळ निघालं. तुलनेसाठी साध्या खाद्यावर ठेवलेले मासे ठणठणीत, आणि हार्मोनवाल्यांच्या पेशी जेमतेम निम्म्या. केंद्राच्या साहेबांनी आकडा वाचला आणि कागद बाजूला सारला.

"बाई, रागावू नका, पण तुमचे डोळे गेलेत. आता घरी आराम करा."

बाईंना नेमकी हीच भीती होती. धाकटी बहीण चष्म्यासाठी कधीची कानीकपाळी ओरडत होती. पण चष्मा दिसला की म्हातारी म्हणून घरी बसवतील, या धास्तीने बाई आज-उद्या करत राहिल्या होत्या.

"मग तुम्हीच मोजा की!" त्या फणकारल्या.

साहेब मोजायला बसले. आकडा तोच आला. पुन्हा मोजलं, पुन्हा तोच.

"चुकलं माझं," साहेब म्हणाले, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे खाद्यात औषध जास्त पडलंय, त्यानेच रक्त पातळ होतं. औषधाची बाटली लवकर संपली, मामांनी सांडली असेल, असं तुम्हीच म्हणाला होता ना? सांडली कसली, खाद्यातच ओतली त्यांनी. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतो त्यांना."

बाई तडक खाद्याच्या खोलीत गेल्या. नळी उचलून खिडकीशी धरली. मायक्रोस्कोपचं चाक फिरवलं की कसल्याही डोळ्याला स्पष्ट दिसतं. नळीला कुठलं आलंय चाक? सगळं धूसर. हात पार लांब केला, तेव्हा कुठे रेघा सुट्या झाल्या. खाली एक ठळक रेघ होती, तिथवरच भरायचं; वर तशीच दुसरी. यंदा बाई वरच्या रेघेपर्यंत भरत आल्या होत्या.

कोपऱ्यात मामा खाद्य चाळत होते. "मी सांडलं नव्हतं हो बाई," ते मान वर न करता म्हणाले. "तेव्हाही सांगितलं होतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलं तर दोन वर्षं सहज निघाली असती, हे त्यांना चांगलं कळत होतं. नळी घेऊन त्या परत साहेबांच्या खोलीत आल्या.

"मामांना काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "मीच दुप्पट औषध देत होते. ही रेघ मला दिसत नाही."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

बाईंनी नळी टेबलावर ठेवली आणि कोणी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसल्या.